हौदा बुजवण्याआधी

आमच्या तालमीचे अध्यक्ष, पंच मंडळी, वस्ताद आणि सर्व सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या शनिवारी मारुतीला तेल घालायला आलो तेव्हा फळ्यावरची नोटीस वाचली. 'तालमीच्या नूतनीकरणात हौदा बुजवून त्या जागी फरशी घालण्यात येईल व व्यायामाची आधुनिक यंत्रे बसवण्यात येतील. सभासदांनी आपल्या सूचना पंधरा दिवसांत लेखी द्याव्यात.' खाली तालमीचा शिक्का, तोही तिरका. हौदा म्हणजे कुस्तीच्या मातीचा आखाडा.

लेखी द्या म्हणालात, म्हणून ही लेखी सूचना. खुली अशासाठी, की परवाच्या बैठकीत मी उभा राहिलो, दोन वाक्यं बोललो, तेवढ्यात मागनं कुणीतरी म्हणालं, "सर, तुमचं चित्रकलेचं वेगळं असतंय, इथं व्यवहार बघाय लागतोय." सगळे हसले. मीही हसलो. घरी गेल्यावर मात्र रात्री दोनपर्यंत गॅलरीत बसून होतो. तालमीचं नाव मुद्दामच लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. बाकीच्या पेठांतल्या लोकांना ही आपल्याच तालमीची गोष्ट वाटली तर वाटू दे.

नव्या पोरांना मी ठाऊक नसेन. बारा वर्षांचा असताना वडिलांनी मला या दारातून आत ढकललं. पैलवान म्हणून माझी कारकीर्द एका ओळीत संपते: जत्रेतल्या तीन कुस्त्या, दोन हरलो, तिसरी बरोबरीत सोडवली. उजवा खांदा त्यातच निखळला, तो अजून पावसाळ्यात बोलतो. पुढं एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका केली आणि पस्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. तालीम काही सुटली नाही. जोर-बैठका थांबल्या तरी पहाटे येऊन हौद्याच्या कट्ट्यावर वही घेऊन बसायचो. तुमच्यापैकी निम्म्या जणांची पाठ माझ्या वह्यांत आहे. तोंडं नाहीत, पाठी आहेत, आणि पाठीवरून मी आजही माणूस ओळखतो.

आधी तुमची बाजू. ती खोटी नाही. मातीत खेळायला पोरं येईनात. कुस्ती आता मॅटवर होते, पदक हवं तर मॅट हवीच. खाशाबा जाधव आपल्या कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ ला लंडनला गेले तेव्हा मातीतल्या या गड्याला पहिल्यांदा मॅटवर लढावं लागलं, तरी सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन आले. तिथं माती नेता येत नाही, हे त्यांनाही कळलं होतं. आज आपल्या जिल्ह्यातल्या मुली मॅटवर लढून नाव काढताहेत. तेव्हा वरच्या मजल्यावर मॅट घालायची असेल तर जरूर घाला. माझी पाच हजारांची वर्गणी आत्ताच लिहून घ्या. यंत्रांनाही माझा विरोध नाही, ती मागच्या पत्र्याच्या खोलीत मावतात. मी टेप लावून मोजलंय. माझं भांडण फक्त त्या हौद्यापुरतं, आणि त्यातल्या मातीपुरतं.

ही माती बनवावी लागते. माझ्या लहानपणी ती पन्हाळ्याकडच्या अंगाची यायची, जांभ्याच्या उतारावरची तांबडी. शिरोळ-हातकणंगलेकडची काळी माती उसाला चांगली, हौद्याला नाही. तिचं ढेकूळ होतं, ओली झाली की अंगाला चिखलासारखी बसते आणि वाळली की भेगाळते. तांबडी सुटी राहते. ती आणायची, खडा राहू नये म्हणून दोनदा चाळायची, मग तिच्यात काव, हळद, ताक, लिंबाचा रस, तेल, कापूर. प्रमाण कुठं लिहिलेलं नाही. आमचे वस्ताद चिमूटभर माती जिभेवर ठेवायचे आणि सांगायचे, "ताक कमी पडलंय." आम्हाला ते सोंग वाटायचं. एकदा त्यांची पाठ वळल्यावर मीही चाखून बघितली. आंबट, थोडी तुरट, आणि वर कापराचा थंडावा. आज इतक्या वर्षांनी कापूर जाळला की देवघराच्या आधी मला हौदा आठवतो.

आणि रोज पहाटे ती उकरायची. हे काम सगळ्यात धाकट्या पोरांचं. फावड्यानं एका कडेनं सुरू करायचं, वीतभर खोल जायचं, खालची वर आणायची. हौदा उकरून होईस्तोवर निम्मा व्यायाम झालेला असायचा. मग पाय फिरवून सारखी करायची, हौद्याच्या पाया पडायचं, आणि समोरच्याच्या अंगावर मूठभर टाकायची. आपल्या अंगावर त्यानं टाकलेली, त्याच्या अंगावर आपण. कितीही भांडण असलं तरी यात बदल नाही.

आता माझ्या धंद्याचं सांगतो, कारण बैठकीत हसू आलं ते यालाच.

घामानं निथळणारं अंग काढायला बसा. काही दिसत नाही. जिकडं तिकडं चमक. उजेड अंगावरनं घसरतो आणि खालचा उंचवटा कुठला, खळगा कुठला, काही कळत नाही. बॉडी बिल्डिंगच्या स्टेजवर तेल लावून उभी असतात त्या पोरांचे फोटो भारी येतात, पण त्यावरून चित्र काढा, प्लास्टिकची बाहुली होते. आता तोच गडी हौद्यात दहा मिनिटं लढवा आणि मग बघा. माती घाम पिते, चमक मरते, आणि अंग एकदम बोलायला लागतं. पाठीवरची दोन फळ्यांसारखी हाडं, त्यांच्यामध्ये उतरत गेलेली पन्हाळ, कमरेच्या वर जिथं दाबल्यासारखी खळी पडते ती जागा. जिथं घाम जास्त तिथं माती गडद, जिथं हाड वर तिथं फिकी. छायाप्रकाश शिकवायला यापेक्षा चांगला फळा मला पस्तीस वर्षांत मिळाला नाही. शिवाय आपल्या तालमीत उजेड एकाच बाजूनं येतो, पूर्वेच्या त्या एका झरोक्यातून, सकाळी साडेसहाच्या सुमाराला. भिंती दीड हात जाड, दार बुटकं, बाकी सगळा अंधार. ज्यानं ही वास्तू बांधली त्याच्या डोक्यात गारवा होता, चित्रकार नव्हता. पण दोघांना हवं ते एकच निघालं.

आम्ही शिकत होतो तेव्हा वर्गात मॉडेल म्हणून एक उतारवयाचे पैलवान येत. लंगोट लावून स्टुलावर बसत. कान दोन्ही मोडलेले, फुलकोबीच्या गड्ड्यासारखे. तासाभरानं उठून ते सगळ्यांच्या बोर्डांसमोरनं फिरत आणि बोट ठेवत, "ह्यो गुडघा माझा न्हवं. माझा गुडघा १९५८ ला सरकलाय, जरा भाईर हाय बघ." आमच्या मास्तरांनी चुका काढल्या तर आम्ही वाद घालायचो. या म्हाताऱ्याशी वाद घालता येत नव्हता, कारण गुडघा त्याचा होता. शरीर म्हणजे घडलेल्या गोष्टींची नोंद असते, हे मला पुस्तकातनं नाही, त्या गुडघ्यातनं समजलं.

आता मुलं फोनवरून माणूस काढतात. त्यांना दोष देत नाही, समोर उघडं अंग बघायला मिळतं कुठं? पण त्याचा परिणाम बघा. आपल्याच तालमीचा गेल्या हनुमान जयंतीचा फलक आठवतोय का? त्यावरचा मारुती! पोटावर सहा विटा रचल्यासारख्या गाठी, कंबर वेताएवढी, कपाळावर आठ्या. हा मारुती द्रोणागिरी उचलेल की नाही सांगता येत नाही, पण दोन दिवस पाणी न पिता फोटो मात्र झकास काढून घेईल. आणि आत बघा, आपला खरा मारुती. शेंदराचे थरावर थर चढून गुबगुबीत झालेला, पोट सुटलेलं, डोळे वाटोळे. पैलवानाचं अंग असंच असतं. कंबर जाड, पोट श्वासानं भरलेलं, मांड्या झाडाच्या बुंध्यासारख्या. खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळात मी दरवर्षी मुलांची सहल न्यायचो. बाराव्या शतकातल्या त्या दगडी आकृतींची पोटं बघा म्हणायचो. कुठंही ताणून धरलेलं पोट नाही. दगडात श्वास दिसतो. ज्यांनी ते कोरलं त्यांच्या डोळ्यांसमोर नदीवर आंघोळ करणारी, शेतात राबणारी, आखाड्यात झुंजणारी माणसं होती.

तुम्ही म्हणाल, कला शाळेत शिकवा, तालमीत कशाला. आपल्या गावात तरी हे दोन कधी वेगळे नव्हते. युरोपच्या दौऱ्यात रोमचं जुनं क्रीडागार बघून शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधायला घेतलं, १९१२ ला ते खुलं झालं. खोलगट बशीसारखं, मध्ये हौदा, म्हणजे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पैलवानाचा पाय कुठं अडकला ते दिसावं. तीन वर्षांत त्याच्या पाठीला पाठ लावून पॅलेस थिएटर उभं केलं, आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. एका बाजूला शड्डू, दुसऱ्या बाजूला नाट्यपद. गावाचा पैसा, जागा, सगळं हाताशी असताना महाराजांनी दोन्ही एकाच आवारात का ठेवलं असेल? ऑगस्ट २०२४ मध्ये ते नाट्यगृह जळालं त्या रात्री मी रस्त्यावर उभा होतो. माझ्या शेजारी रडणाऱ्यांत नाटकवाल्यांइतकेच मोडक्या कानांचे लोक होते.

याच गावात आबालाल रहिमान कोटितीर्थाच्या काठी राहून पाणी आणि झाडं रंगवत होते. आनंदराव आणि बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत होते, आणि पुढं बाबूरावांनी कॅमेरा बनवला, सिनेमा काढला, पुतळे घडवले. चंद्रकांत मांडरे पडद्यावर नट आणि पडद्याबाहेर निसर्गचित्रकार. राजारामपुरीतल्या त्यांच्या संग्रहालयात एकदा जाऊन या, तिकडं फारसं कुणी फिरकत नाही. यातला कुणीही खोलीत कोंडून घेऊन चित्रकार झाला नाही. रंकाळा, पंचगंगेचा घाट, पन्हाळ्याची चढण, मैदानातली गर्दी, सगळं पायांनी तुडवून मग हातात आलं. कलापूर म्हणवून घेताना आपल्याला हे सोयीनं आठवत नाही.

अंबाबाईचा किरणोत्सव तर दरवर्षी बघता. वर्षातनं दोनदा, नोव्हेंबरात आणि जानेवारी संपता संपता, मावळतीची किरणं महाद्वारातून, गरुड मंडपातून आत येतात. पहिल्या दिवशी पाय, मग छाती, मग चेहरा. दगडातलं शरीर, ते घडवणारा हात आणि सूर्य, तिघांची वेळ ठरवून भेट. बांधणाऱ्यांनी एवढंच केलं, सूर्याची वाट मोकळी ठेवली. आता ढग असले की किरणं पोचत नाहीत ते समजू शकतो, पण वाटेत इमारत आली, छपराचा कोपरा आला, हवेत धूळ फार म्हणून कंबरेवर किरणं विरली, असंही वाचायला मिळतं. दगडाची मूर्ती जागेवरच आहे, सूर्यही. मधली जागा आपण भरून टाकली. हौदा बुजवणं हे मला त्याच जातीचं वाटतं.

आता मातीचा आणखी एक किस्सा, आणि मग नोटिशीकडं येतो.

माझ्या बरोबरीला एक कुंभाराचा पोरगा होता. नाव लिहीत नाही, तो वाचेल आणि चिडेल. अंगानं किरकोळ, पण त्याचा पट कुणाला निघायचा नाही. पायाला हात घातला की खांबाला घातल्यासारखं. मोठमोठे गडी थकले. वस्तादांनी एकदा त्याला विचारलं, बैठका किती मारतोस? म्हणाला, शंभर. वस्तादांना पटेना, कारण दोन हजार मारणारी पोरं त्याच्यापुढं हलत होती. मग एक दिवस आम्ही त्याच्या घरी गेलो. बेंदूर जवळ आला होता, घरात मातीच्या बैलांची गडबड. आणि हा गडी कमरेवर हात ठेवून ओल्या मातीच्या ढिगावर गोल गोल फिरत होता, टाचेनं दाबत, चवड्यानं ओढत. सकाळी तीन तास, संध्याकाळी दोन. बेंदराचे बैल झाले की नागपंचमीचे नाग, मग गणपती. बापानं सांगितलं, मातीत खडा राहिला की तुडवणाऱ्याच्या पायाला कळतो, हाताला नाही. वस्ताद बराच वेळ बघत उभे राहिले. परत येताना एवढंच म्हणाले, "ह्याला बैठका मारायला लावू नगा."

आता तो माझ्याइतकाच म्हातारा. मुलगा त्याचा धंदा बघतो. प्लॅस्टरचं पोतं फोडायचं, पाणी घालायचं, साच्यात ओतायचं. शाडूचे करतो थोडे, पण तुडवायला माणूस मिळत नाही म्हणून महाग पडतात. ते प्लॅस्टर मग पाण्यात विरघळत नाही. इराणी खणीत विसर्जनानंतर आठवड्यानं जाऊन बघा, हात-सोंड तुटलेले देव तरंगताना बघवत नाहीत. आणि गंमत अशी की तुडवायला पाय न लागणाऱ्या त्या मुलाला गुडघेदुखी आहे. डॉक्टरांनी मांड्या बळकट करा म्हटलंय, म्हणून तो महिना दीड हजार भरून जिमला पाय मारायच्या यंत्रावर बसतो! माती गेली तेव्हा एकाच वेळी मूर्ती बिघडली, पाणी बिघडलं आणि गुडघे बिघडले. यात कुणी कुणाचं कारण हे मी सांगत बसत नाही. तिन्ही एका पोत्यातनं आले एवढं मला दिसतं.

तसंच कोल्हापुरी चपलेचं. तालमीच्या दाराबाहेर पूर्वी कातडी पायताणांची रांग असायची. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, पहिले आठ दिवस चावतं आणि मग पायाचा आकार घेतं. २०१९ ला त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ ला इटलीतल्या फॅशन शोमध्ये आपल्या चपलेची नक्कल दिसली तेव्हा आपल्या गल्लीत केवढा संताप! आपल्या तालमीच्या ग्रुपवर तीन दिवस दुसरा विषय नव्हता. त्याच ग्रुपवर चौथ्या दिवशी फरशीचे नमुने आले.

आता पूर. बैठकीत सगळ्यात जोरात मांडला गेलेला मुद्दा तोच, की महापुरात हौद्याची वाट लागते, फरशी धुऊन काढता येते. बरोबर आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर त्रेचाळीस फूट ही धोका पातळी असताना पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेलं होतं. आपल्या तालमीत मारुतीच्या गळ्यापर्यंत होतं. पाणी उतरल्यावर आत गेलेल्या पहिल्या पाच जणांत मी होतो. तो वास मी विसरलेलो नाही. हौद्यावर वीतभर गाळ, काळा, तेलकट, त्यात कुणाच्या तरी घरचं बाळाचं दुपटं. निम्म्या लोकांचं म्हणणं, सगळंच उपसून टाका. वस्तादांनी ऐकलं नाही. वरचा गाळ काढला, खालची जुनी माती पाट्या भरभरून वर माळवदावर नेऊन पसरली, ऊन दिलं, उलटली, पुन्हा ऊन दिलं. कडुलिंबाचा पाला, हळद, कापूर. दिवाळीच्या पाडव्याला हौदा परत भरला. २०२१ ला पुन्हा तेच. माळवदावर पाट्या चढवणारी पोरं चाळीस होती, आणि त्यांतली वीस तरी आधी कधी तालमीत आलेली नव्हती. फरशी असती तर पाईप लावून दोघांनी धुतली असती, हे खरं. उरलेली अडतीस घरी बसली असती.

आणि पूर मोठा का होतो तेही बोलूया. नदीला पसरायला जी जागा होती तिथं आपण भराव घातला, कार्यालयं बांधली, घरं बांधली. पाणी मुरायला जमीन ठेवली नाही. गावात आता पाय टेकवायला उघडी माती किती उरली आहे, सकाळी फिरायला जाताना मोजा. घरापासून तालमीपर्यंत मला एक गुलमोहराचं आळं लागतं आणि मग थेट हौदा. मधलं सगळं पेव्हर.

माती आणा म्हणताना मलाही कचरायला होतं, कारण डोंगर पोखरून मुरूम नेणारे डंपर मीही बघतो. पण हौद्याला वर्षाकाठी भर लागते ती पंधरा-वीस पाट्यांची. एका बंगल्याच्या पायासाठी जेवढी उकरतात, तेवढी आपल्या हौद्याला शंभर वर्षं पुरेल.

आता एक गोष्ट जी मला लिहायला जड जाते. पाच-सहा वर्षांपूर्वी माझी एक विद्यार्थिनी, शिल्पकला शिकणारी, हौद्यावर बसून स्केचेस करायला आली होती. मीच बोलावलं होतं. दारातनंच तिला परत पाठवलं गेलं. बाईमाणूस हौद्याजवळ चालत नाही म्हणून. मी आत होतो, वही मांडीवर, आणि उठलो नाही. उठायला हवं होतं. तिनं पुढं बाहेरगावी शिक्षण पूर्ण केलं, आता मोठे पुतळे करते. मध्यंतरी तिच्या कामावर गेलो होतो. लोखंडी सांगाड्यावर शाडू चढवत होती, एका शेतकऱ्याची आकृती. खांदा काही केल्या जमत नव्हता. मला म्हणाली, "सर, वजन उचललेला खांदा मी नुसता फोटोत बघितलाय." मला काय बोलावं सुचलं नाही. माझ्या वह्या तिला देऊन आलो, पण वहीतला खांदा वहीतलाच. हौदा वाचवा म्हणणारा मी, हौदा कुणासाठी वाचवायचा हे न बघता बोललो तर त्या परवाच्या हसण्याला मी लायकच ठरेन.

तेव्हा माझं मागणं असं. हौदा आहे तिथं, आहे त्या मापाचा राहू दे. मॅट वर, यंत्रं मागं. आणि रविवारी सकाळी सहा ते आठ तालमीचं दार चित्र-शिल्प शिकणाऱ्यांना उघडं ठेवा, मुलगे असोत की मुली. कट्ट्यावर बसतील, बोलणार नाहीत, फोटो काढणार नाहीत, एवढं मी बघतो. लढणाऱ्या पोरांना आधी विचारा, ज्याला संकोच वाटेल त्यानं त्या दिवशी येऊ नये. बदल्यात ती मुलं तालमीचा पुढच्या वर्षीचा फलक हातानं रंगवून देतील, आणि त्यातल्या मारुतीला पोट असेल. कुंभारवाड्यातल्या माझ्या त्या मित्रालाही मी विचारलंय. श्रावणात पोरांना माती तुडवायला शिकवायला तो एका पायावर तयार आहे. गुडघा एकच चांगला उरलाय, असं त्याचंच म्हणणं.

पंधरा दिवसांची मुदत आहे, त्यातले सहा गेले. पंचांपैकी कुणी नोटिशीवर सही करण्याआधी हौद्यात उतरून किती दिवस झाले, हे प्रत्येकानं स्वतःशी आठवावं. मी परवा उतरून आलो. तीन आठवडे कुणी उकरला नाही, वर पापुद्रा धरलाय, बोटानं दाबला की चुरचुरतो. खाली मात्र अजून ओल आहे.

येत्या रविवारी पहाटे पाचला मी येतोय. फावडी दोन आहेत, तिसरं शेजारच्या बांधकामावरून मागून ठेवलंय. खांदा निखळलेल्या माणसाला एकट्याला अख्खा हौदा उकरणं जमणार नाही, म्हणून अध्यक्षांनीही यावं. तुम्ही लहानपणी डावीकडनं सुरुवात करायचा, मला आठवतंय. किल्ली नेहमीच्या पानपट्टीवर ठेवा.

आपला,
तालमीचा जुना सभासद आणि निवृत्त चित्रकला शिक्षक,
शुक्रवार पेठ, कोल्हापूर

ता. क. : ताक दोन तांबे मी घरनं आणतो. लिंबं आणि कापूर कुणीतरी बघा.